पाच मिनिटं

यकृतातली मोठी शीर कापण्याआधी ती पाच मिनिटं चिमट्याने दाबून ठेवायची असते. अडलेलं रक्त आजूबाजूच्या बारीक शिरांतून वाट काढू शकलं, तर यकृताचा रंग बदलत नाही. वाट नसेल तर तो भाग काळानिळा पडतो आणि शिरेला हात लावायचा नसतो. ही मिनिटं मी मोजते. मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर.

त्या दिवशी आमचे सर्जन, म्हणजे सर, करत असलेलं ऑपरेशन सभागृहातल्या पडद्यावर थेट दिसत होतं.

"सर, एकच मिनिट झालंय."

"समोर दोनशे डॉक्टर जांभया देतायत, सिस्टर," असं म्हणून त्यांनी शीर कापली.

बघता बघता यकृत वांग्यासारखं जांभळं झालं.

"आधी तो कॅमेरा बंद करा," सर म्हणाले.

चौथ्या दिवशी पेशंट गेला. सर त्याच्या बायकोला म्हणाले, "काय करणार, त्यांच्या बारीक शिरांनीच दगा दिला."

ती ओशाळली. "माफ करा, डॉक्टर. आमच्या माणसामुळे तुमचा कार्यक्रम बिघडला."

मला सरांची शिसारी आली. मग हातातल्या फाईलकडे लक्ष गेलं. तिच्यात 'पाच मिनिटं थांबलो' असं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.