सोडलेला नंबर

कोरोनाच्या टाळेबंदीत चंद्रपुरातल्या सुपरमार्केटमधून घरपोच सामान मागवायचा त्या दिवशीचा शेवटचा नंबर उर्वशीला मिळाला. ती धडधाकट होती. पण कालच पुण्याहून आल्यामुळे हातावर विलगीकरणाचा शिक्का होता, दाराबाहेर पडायची सोय नव्हती. शेजारचे लटारूभाऊ कुंपणापलीकडून खोकत म्हणाले, "आजबी नंबर नाई लागला, पोरी." कोळशाच्या खाणीने त्यांची छाती कधीच पोखरली होती. उर्वशीला राहवलं नाही. तिने आपली ऑर्डर रद्द केली. "भाऊ, माझा नंबर सोडला. आता लवकर दाबा." भाऊंनी मोबाईलवर बोट दाबलं. "गोल गोल फिरून राह्यलं," ते म्हणाले, मग, "गेला. घेतला कोणीतरी." त्यांचं सामान आपल्याच ऑर्डरमध्ये घालता आलं असतं, हे उर्वशीला आता सुचलं. भाऊंनी तोंडाला दुपट्टा गुंडाळून पिशवी उचलली. "जाऊ नका, भाऊ." "घरात दाना नाई. तुह्यासाठी काय आणू?"