हातोडीच्या खुणा

आमच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा स्टार्टर अडकायचा. मी किल्ली फिरवायचो आणि माझी बायको ओल्वेन बॉनेटखाली वाकून त्यावर हातोडी मारायची. ती वारल्यापासून गाडी गॅरेजातच होती. शेवटी स्टार्टर काढून ग्विलिम मेकॅनिककडे नेला.

"तुझ्यावरचा राग बायको यावर काढायची वाटतं," तो म्हणाला. "आतलं सगळं नवं घालतो. हे चेपलेलं कवचही बदलू?"

"ते राहू दे. तिच्या हातचं आहे."

शनिवारी स्टार्टर बसवला आणि बॉनेट उघडंच ठेवून किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन असं गरजलं की शेजारी खिडकीत आले. आनंदाच्या भरात मी बॉनेटकडे बघून नेहमीसारखा ओरडलो, "झाली गं सुरू. हातोडी ठेव आणि बस गाडीत."