एकाचं ‘नको’

“बोटीवरच्या एकाने जरी ‘नको’ म्हटलं, तरी दोर सोडायचा नाही. कारण विचारायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. आणि किनाऱ्यावर राहील त्याला धोका दिसला, की त्याने थेट बचाव चौकी गाठायची.” शिडाच्या बोटींच्या क्लबातल्या हवामानाच्या वर्गात म्हाताऱ्या मास्तरांनी शेवटच्या दिवशी सगळ्यांकडून तसा शब्द घेतला होता. तिने दिला. शेजारच्या बाकावरून तिच्या नवऱ्यानेही दिला.

आज बोटीत बसल्यावर ती म्हणाली, “आज नको.”

नवऱ्याने वर पाहिलं. आभाळ धुऊन ठेवल्यासारखं. “का?”

सकाळची प्रार्थना झाली की बॅरोमीटर बघून वहीत टिपायचं, हा तिचा अकरा महिन्यांचा नेम. एकदाही चुकला नव्हता. “पहाटेपासून काटा चार रेघा उतरलाय. अंदाजातही आहे, दुपारी वारा फिरेल.”

“वहिनी,” शीड सोडवता सोडवता दीर म्हणाला, “परीक्षेत पहिल्या आलात, ठीक आहे. आता समुद्राचे पेपरही तुम्हीच तपासणार?”

नवरा हसला नाही. त्या परीक्षेत तो नापास झाला होता.

“नियम काय होता गं?”

“बोटीवरच्या एकाने जरी...”

“बोटीवरच्या ना? मग तू उतर.”

तिला थट्टा वाटली. पण त्याने हात पुढे केला. चढताना आधाराला द्यायचा, तसाच. ती धक्क्यावर उतरली.

“आता बोटीवर कोणाचं ‘नको’ आहे?” त्याने भावाला विचारलं.

“कोणाचंच नाही, दादा.”

“चारपर्यंत येतो. तोवर चौकीवर जाऊन बसू नकोस. लोकांत हसं व्हायला नको.”

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. दोर सुटला.

धक्क्यावरचा झेंडा बारा वाजता समुद्राच्या दिशेने फडफडत होता. साडेबाराला तो खांबाला चिकटून पडला. तिने वही उघडली, वेळ टिपली. आपलं खोटं ठरू दे, असं मागणं तिने देवापाशी आजवर कधी मागितलं नव्हतं.

पाऊणला झेंडा हलला. उलट्या बाजूला. क्षितिजाची रेघ काळी व्हायला लागली होती.

वहीच्या नव्या पानावर तिने लिहिलं: पांढरी बोट, निळी पट्टी, माणसं तीन. मग तीन खोडून दोन केलं, आणि निघाली.

चौकीची वाट क्लबच्या व्हरांड्यावरून जात होती. तिथे चहा चालला होता. तिच्या अंगावरचं लाइफ जॅकेट बघून कोणीतरी म्हणालं, “काय हो, जमिनीवर बुडायची भीती?”

सगळे हसले. तिने जॅकेटचा पट्टा घट्ट ओढला आणि चालत राहिली.