खिशातला नको

"मोठा आण," मोहना भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "खिशातला नको."

हेरंबचा हात खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यावरच होता. तिला कसं कळलं, कोण जाणे.

काल सकाळी तो करजणला एका बारशाचे फोटो काढत असताना तिचा फोन आला होता. नववा महिना लागलेला, आणि पोटातली हालचाल थांबलेली. ती एकटीच रिक्षा करून वासण्याच्या या इस्पितळात आली होती. तो पोचला तोवर डॉक्टरांनी ठोके शोधणं सोडून दिलं होतं. आज दुपारी दोन वाजता मुलगी झाली. रडली नाही.

दक्षाबेन नर्सनी तिला पुसून, पांढऱ्या कापडात गुंडाळून खिडकीजवळच्या पाळण्यात ठेवलं होतं. "हेरंबभाई, वीस मिनिट. पछी लई जवुं पडशे," त्या म्हणाल्या होत्या. मग न्यावंच लागेल.

मोहनाने अजून एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.

"आत्ता नाही बघवणार मला," ती म्हणाली. "पण पुढे कधीतरी बघावंसं वाटेल. तेव्हा कुठे जाऊ मी? तू काढून ठेव. तिची नखंसुद्धा दिसली पाहिजेत."

"यातही दिसतात."

"फतेगंजला तुझ्या स्टुडिओत येतात त्या बाळांचे यानेच काढतोस का?"

तो पाळण्यापाशी गेला, छोटा कॅमेरा हातभर लांब धरला, मान वळवली आणि बटण दाबलं. मग पाहिलं. पडद्यावर नुसतं कापडाचं गाठोडं होतं. कुणाचंही असू शकलं असतं.

"हेरंब," मोहना म्हणाली, "तो नको म्हटलं ना."

बॅग खाली गाडीत होती. ती खांद्याला लावून तो परतला तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेले गोविंदराव उठून उभे राहिले.

"बॅग कशाला रे?"

"फोटो काढतोय, बाबा."

"अरे, असे फोटो घरात ठेवत नाहीत. हे विसरायचं असतं. तिला सांग समजावून."

"तीच मागतेय."

गोविंदराव पुन्हा बाकावर बसले.

हेरंबने बॅगेची चेन उघडून मोठा कॅमेरा बाहेर काढला. तो जड कॅमेरा पंधरा वर्षं त्याच्या हाताला होता. त्याला डोळा लावावा लागतो. एकदा लावला की समोरचं माणूस श्वासाच्या अंतरावर येतं, मग मान वळवता येत नाही. छोटा बरा होता तो याचसाठी.

तो पाळण्यापाशी गुडघ्यांवर बसला. सवयीने दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून त्याने ऊब आणली. बाळाला गार हात लावायचा नाही, हा त्याचा स्टुडिओतला नियम. हात गरम झाले आणि मग त्याच्या लक्षात आलं, तो काय करतोय ते.

तरी त्याने त्याच हातांनी कापड बाजूला केलं.

आधी पावलं. मग मूठ. ती हलकेच उघडावी लागली. नखं बोटांच्या पुढे आलेली होती, कापायला झालेली. त्याने श्वास रोखला आणि बटण दाबलं. शांत खोलीत तो आवाज फार मोठा झाला. पलंगावर मोहनाचा खांदा दचकला. दुसऱ्या फोटोलाही दचकला. तिसऱ्यालाही.

मग तिने विचारलं, "केस आहेत?"

"भरपूर."

"आणि कान?"

"डावा दुमडलाय. जरासा."

"दुमडलाय म्हणजे कसा?"

त्याला सांगता येईना. त्याने पुन्हा डोळा लावला, पण आता समोर नुसतं पाणी होतं. पुसलं, पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्याने कॅमेरा जमिनीवर ठेवला.

"मोहना, नाही जमत गं मला. उरलेलं नाही जमत."

पलंग कुरकुरला. कठड्याला धरून, दात आवळून ती उठायला लागली. दाराशी थांबलेल्या दक्षाबेन धावल्या, त्यांनी पाठीला उशी लावली.

"द्या तिला इकडे."

दक्षाबेननी बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. मोहना बघत राहिली. कपाळापासून हनुवटीपर्यंत, पुन्हा कपाळापासून. दुमडलेल्या कानावरून तिने अंगठा फिरवला. तो सरळ झाला आणि पुन्हा दुमडला.

दारावर थाप पडली. बाहेरून कुणीतरी वेळ झाल्याचं सांगितलं.

"हजी वार छे," दक्षाबेन म्हणाल्या, आणि अजून अवकाश आहे असं सांगून त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मोहनाने कपाळावरचे केस मागे सारले. गाऊनची कॉलर सरळ केली. बाळाचं डोकं कोपराच्या खळगीत घेऊन ती खिडकीकडे वळली, उजेड दोघींच्या तोंडावर पडेल अशी.

"आता आम्हा दोघींचा काढ."

हेरंबने कॅमेरा उचलला. दारावर पुन्हा थाप पडली, या वेळी जोरात.

"घाई करू नकोस," मोहना म्हणाली.