चौथा प्लग
उद्या बाबांचा लांबचा फेरा, म्हणून मी त्यांच्या जुन्या पेट्रोल ट्रकचे सहाही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. प्लगचा रंग पाहिला की इंजिनच्या पोटातलं कळतं, हे त्यांनीच शिकवलेलं. पाच एकाच नंबरचे निघाले, चौथा मात्र वेगळ्या नंबरचा, जास्त तापणारा. नवे मी सहाही सारखेच आणले होते. बाबा पायरीवरून उठत होते, पुन्हा बसत होते. "चौथ्यात नवा घालू नकोस," शेवटी त्यांना राहवेना. "तिथे ऑइल चढतं. साधा प्लग आठवड्यात काळा पडतो, हा तापून ते जाळून टाकतो." "कधीपासून?" "झाली चार वर्षं. बोललो असतो, तर तू गाडी उभी केली असतीस." तेवढ्यात त्यांना ढास लागली. रुमाल तोंडाशी गेला आणि घाईघाईने खिशात शिरला. "आणि हा खोकला?" ते ट्रककडे बघत राहिले. "तोही तेव्हाचाच." मी हात पुढे केला. "रुमाल दाखवा."