दोघांचं रक्त

रेशन दुकानातल्या यंत्राने ओळख पटवायला वनिता मडावीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि सांगितलं, "वनिता मडावी, चैतू मडावी. दोघेही जिवंत."

चैतू तिचा भाऊ. तिच्या सिकलसेल या रक्ताच्या आजारावर डॉक्टरांनी सौम्य औषधं देऊन, तिच्या हाडांतली थोडी मज्जा तशीच राखून, त्याच्या मज्जेतल्या पेशी तिच्यात रुजवल्या होत्या; तेव्हापासून तिच्या अंगात दोघांचंही रक्त बनत होतं. पुढे तो पुरात वाहून गेला. देह मिळालाच नाही.

बाजूला बसलेली माय ताडकन उठली. "जिवंत म्हणते ना वो?"

"माय, ते माझ्या रक्तातलं सांगते."

"मग तुझ्यात आहे ना तो?"

मायने वनिताचा हात छातीशी धरला. "जेवला का रे, चैतू?"

वनिताने हात सोडवला नाही. मग हळूच म्हणाली, "नाही माय. भूक लागली."