शुद्ध पाण्यातलं शिसं

प्रयोगशाळेत तुलनेसाठी ठेवलेल्या शुद्ध पाण्यात तिसऱ्यांदा शिसं निघालं, तेव्हा तिने हातमोजे ओढून काढले आणि कचऱ्याच्या डब्यात आपटले. बाटल्या आठवडाभर आम्लात बुडवलेल्या. आम्लही नवं कोरं. तरी शिसं मोजणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, हटून बसलेलं. शुद्ध पाण्यात जेवढं शिसं, खाडीच्या पाण्यात जवळपास तेवढंच. खाडीतल्या शिंपल्या विकायची बंदी उठवायची की नाही, ते या आकड्यावर ठरणार होतं.

"मग अडलंय कुठे?" साहेब दारातूनच म्हणाले. "खाडीच्या आकड्यातून शुद्ध पाण्याचा आकडा वजा कर. राहिलं शून्य. खाडी स्वच्छ, बंदी उठली, विषय संपला."

"साहेब, शुद्ध पाण्यात शिसं येतंय म्हणजे घाण आपल्या खोलीत आहे. आपली घाण खाडीच्या पाण्यातून वजा करायची?"

"सगळे असंच करतात."

'सगळे शेण खातात,' हे वाक्य तिने कसंबसं गिळलं. यंत्राच्या झाकणावरून बोट फिरवलं. पांढरी भुकटी. तिने वर पाहिलं. मोठे पाहुणे येणार म्हणून गेल्या आठवड्यात साहेबांनी छताचा जुना रंग खरवडून नवा मारून घेतला होता. जुन्या रंगात शिसं असतं हे रंगाऱ्यालाही ठाऊक. शिसं मोजणाऱ्या खात्याच्या साहेबांना नाही.

तिने बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. "छत चकाचक झालं, साहेब. माझा आठवडा मातीत गेला."

मग तिनेच सगळं पुसलं, टेबलावर प्लास्टिकचा तंबू उभारला आणि खाडीच्या पाण्याची शेवटची सीलबंद बाटली त्याच्या आत उघडली. चार वाजता शुद्ध पाणी शुद्ध निघालं. खाडीचा आकडा मात्र हलला नाही; भुकटी पडत होती ती उघड्या ठेवलेल्या शुद्ध पाण्यात, खाडीच्या बाटल्या मोजेपर्यंत सीलबंदच होत्या. मर्यादेच्या चौपट.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा काढला, परत लावला. "उद्या बघू," म्हणाले आणि निघून गेले.

ती उद्यासाठी थांबली नाही. तडक प्रयोगशाळेच्या फाटकाशी गेली. शिंपल्या काढणाऱ्या बायकांनी त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला निकाल ऐकायला पाठवलं होतं. ती सकाळपासून तिथे बसून होती.

"मावशी, पाण्यात शिसं आहे. बंदी उठणार नाही. शिंपल्या खाऊ नका."

म्हातारी उठून उभी राहिली.

"आता सांगतेस, पोरी? तीन महिने विकायची बंदी होती. मग निघेल ते घरीच खाल्लं की."